वाटणीच्या रात्रीनंतर

केंद्र सरकारने 1991 साली चित्रपट परीक्षणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गुन्हेगारांची कार्यपद्धती पडद्यावर दाखवू नये, अशी एक अट त्यांत आहे. हॉलिवूडने साठेक वर्षं आधी, 1930 च्या आपल्या आचारसंहितेत, जवळपास हेच लिहून ठेवलं होतं: चोरी, दरोडा, तिजोरीफोड यांची रीत तपशिलात दाखवायची नाही आणि प्रेक्षकाची सहानुभूती गुन्हेगाराकडे झुकू द्यायची नाही. पुस्तकांना असा छापील नियम नाही. पण वाचनालयाची पुस्तकखरेदी समिती, शाळेचं ग्रंथालय, घरातलं पुस्तकांचं कपाट या ठिकाणी तो न लिहिताही पाळला जातो. पाच-सहा चोर, त्यांची आपसातली दगाबाजी आणि एकही सज्जन नायक नाही, असं पुस्तक समोर आलं की ‘उदात्तीकरण’ हा शेरा तयारच असतो.

शेऱ्यामागची काळजी खोटी नाही. वाल्याचा वाल्मीकी न होता वाल्याच हिरो झाला, असे सिनेमे आणि पुस्तकं आपण ढिगाने पाहिली आहेत. पण तपशील झाकला की उदात्तीकरण थांबतं, हा समज सपशेल उलटा आहे. प्रश्न कोणता तपशील झाकायचा याचा आहे. कुलूप कसं उघडलं हे गाळलं तर कादंबरीचं फार नुकसान होत नाही. वाचकाच्या ते लक्षातही राहत नाही. पैसे मोजून झाल्यावर पुढच्या वर्षा-दोन वर्षांत काय झालं, हे गाळलं तर मात्र चोरी देखणी दिसू लागते. हार्डबॉइल्ड म्हटली जाणारी कोरड्या, कठोर धाटणीची गुन्हेकादंबरी नेमकी या दुसऱ्या तपशिलावर उभी असते, म्हणून ती वाचनालयात असावी. मराठीत ती लिहिलीही जावी.

उदाहरण कल्पनेतलं नको, खरं घेऊ. 17 जानेवारी 1950 ची संध्याकाळ, अमेरिकेतलं बोस्टन शहर, सात वाजून गेल्याची वेळ. ब्रिंक्स या रोकड वाहून नेणाऱ्या कंपनीच्या इमारतीत सात माणसं शिरली. अंगात नौदलाच्या कोटासारखे कोट, डोक्यावर ड्रायव्हरच्या टोप्या, तोंडावर रबरी मुखवटे, पायात आवाज न करणारे बूट. पाच कर्मचाऱ्यांना बांधून घातलं, तोंडाला चिकटपट्टी लावली आणि अर्ध्या तासाच्या आत ते बाहेर पडले. रोख 12 लाख 18 हजार डॉलर, शिवाय 15 लाखांहून जास्त किमतीचे धनादेश आणि मनिऑर्डरी. तोवरच्या अमेरिकेतला हा सगळ्यांत मोठा दरोडा होता आणि वर्तमानपत्रांनी ‘परिपूर्ण गुन्हा’ म्हणून त्याचं कौतुकच आरंभलं.

परिपूर्ण म्हणण्यासारखी तयारी होतीच. टोळी दीड वर्षाहून जास्त काळ त्या इमारतीवर पाळत ठेवून होती. वाटेतल्या पाच दारांच्या किल्ल्या आधीच बनवून झाल्या होत्या. कितीतरी रंगीत तालमी झाल्या आणि परिस्थिती अनुकूल नाही म्हणून अनेकदा ऐनवेळी बेत रद्दही केला गेला. तरी आत एक लोखंडी पेटी तशीच राहिली. तिच्यात एका मोठ्या कंपनीच्या पगाराची रक्कम होती आणि ती फोडायला लागणारं हत्यार कोणी आणलंच नव्हतं. सामान्य दरोडापट इथे संपतो. मुखवटे उतरतात, नोटा हवेत उडतात, पडद्यावर नावं येतात.

दगाबाजीच्या कादंबरीला खरी सुरुवात इथूनच करता येते. आत शिरलेले सात, गाडी आणि टेहळणी सांभाळणारे आणि बेत आखण्यात भागीदार असलेले धरून टोळी अकरा जणांची होती. समान वाटणी केली तर प्रत्येकी साधारण 1 लाख 10 हजार डॉलर. पण नव्या कोऱ्या नोटांचे क्रमांक बँकेकडे नोंदलेले असतात. अशा जवळपास एक लाखाच्या नोटा खर्च करण्यासारख्या नाहीत हे लक्षात आल्यावर त्या नष्ट करण्याचं ठरलं. म्हणजे पहिल्याच हिशेबात प्रत्येकाच्या वाट्यातून सुमारे नऊ हजार वजा. आणि नष्ट करण्याची जबाबदारी एकाकडे असेल, तर उरलेल्या दहा जणांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा.

हा विश्वास किती ठिकाणी लागतो, हे गणिताने मोजता येतं. टोळीत दोघं असतील तर विश्वासाचं नातं एक. पाच असतील तर जोड्या दहा. अकरा असतील तर पंचावन्न. या पंचावन्नांपैकी एक जोडी तुटली तरी सगळं गेलं. म्हणून अकरा जणांची टोळी ही पाच जणांच्या टोळीच्या दुप्पट धोक्याची नसते, साडेपाच पट असते. आपल्याकडच्या दरोड्याच्या कथांत माणसं भरमसाट असतात, कारण प्रत्येकाला एकेक कसब द्यायचं असतं: एक संगणकवाला, एक कसरतपटू, एक देखणी, एक विनोदी. कसब वाटून दिलं जातं, जोड्या मात्र कोणी मोजत नाही.

ब्रिंक्सच्या टोळीतली तुटलेली जोडी ओकीफ नावाच्या माणसाची. दरोड्यानंतर काही महिन्यांनी, जून 1950 मध्ये, तो आणि त्याचा एक साथीदार पेनसिल्व्हेनियात अगदी किरकोळ घरफोडीत सापडले. त्या प्रवासाला निघण्याआधी ओकीफने आपल्या वाट्यातले सुमारे 90 हजार टोळीतल्याच एका सोबत्याकडे सांभाळायला दिले होते. ते त्याला परत मिळाले नाहीत. तुरुंगातून तो वकिलाच्या खर्चासाठी निरोपावर निरोप पाठवत राहिला. बाहेरचे टाळाटाळ करत राहिले. त्यांचंही म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. पोलिसांची नजर असताना एवढे पैसे कोण, कुठून देणार? सुटून आल्यावर 1954 च्या मे महिन्यात त्याने टोळीतल्याच एकाला पळवून नेऊन खंडणी मागितली. जूनमध्ये त्याच्यावर गोळीबार झाला. पहिल्यांदा तो वाचला, दुसऱ्यांदाही. मग न्यूयॉर्कहून आलेल्या एका भाडोत्री मारेकऱ्याने मशीनगन चालवली. ओकीफ मनगटाला आणि छातीला जखम होऊन तरीही वाचला.

आता कायद्याचं घड्याळ पाहा. अशा गुन्ह्यासाठी केंद्रीय कायद्यात खटला भरण्याची मुदत तीन वर्षांची, ती जानेवारी 1953 मध्येच संपली होती. मॅसॅच्युसेट्स राज्याची मुदत सहा वर्षांची, म्हणजे 17 जानेवारी 1956 पर्यंत. त्यानंतर टोळीतला कोणीही छातीठोकपणे सांगू शकला असता की होय, आम्हीच केलं. ओकीफ तेव्हा दुसऱ्याच प्रकरणात स्प्रिंगफील्डच्या तुरुंगात होता. त्याचे पैसे गेले होते, जीव घेऊ पाहणारे मोकळे होते आणि मुदत संपली की त्याच्याकडची माहिती कवडीमोल होणार होती. 6 जानेवारीला त्याने एफबीआयला सगळं सांगितलं. मुदतीला अकरा दिवस उरले होते. 12 तारखेला अटकसत्र सुरू झालं आणि त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये आठ जण दोषी ठरले.

यात कोण नीच, कोण सज्जन? प्रश्नच गैरलागू आहे. ओकीफ जन्मजात विश्वासघातकी होता म्हणून बोलला नाही. जवळपास सहा वर्षं तो बोलला नव्हता. बाहेरचेही मुळातच दगाबाज होते असं नाही. जवळ असलेले पैसे आणि दूर असलेला मित्र यांत त्यांनी जवळचं धरलं. दगा हा इथे स्वभावाचा गुण नाही. ज्या भागीदारीला न्यायालय नाही, करारपत्र नाही, हिशेबनीस नाही, त्या भागीदारीचा तो सरळ परिणाम आहे. किराणा दुकानातल्या दोन भागीदारांत वाद झाला तर दिवाणी दावा लावता येतो. चोरीच्या भागीदारीत वसुलीचं एकच साधन उरतं आणि ते कंबरेला खोचलेलं असतं.

योगायोग असा की त्याच 1950 साली अमेरिकेतल्या गणितज्ञांनी ‘कैद्यांची कोंडी’ हे सूत्र मांडलं. दोन आरोपी, दोन कोठड्या, प्रत्येकाला एकच प्रस्ताव: दुसऱ्याविरुद्ध बोललास तर सुटशील. दोघंही गप्प बसले तर दोघांचं भलं, पण एकट्यापुरता विचार केला तर बोलणंच फायद्याचं. फौजदारी वकिलांना यात नवं काही वाटलं नसेल. कागदावरचा कैदी वेळेबाहेर असतो. ओकीफला कॅलेंडर होतं, जखम होती आणि 90 हजारांची आठवण होती, म्हणून त्याच्या कथेची कादंबरी होते.

हार्डबॉइल्ड या शब्दाचा मूळ अर्थ जास्त उकडून कडक झालेलं अंडं. भावनेचा पाझर बंद झालेली कथा, असा त्याचा साहित्यातला अर्थ. हा प्रकार वाढला तो 1920 साली सुरू झालेल्या ‘ब्लॅक मास्क’ सारख्या स्वस्त मासिकांत, आणि त्याचा पहिला मोठा लेखक डॅशिएल हॅमेट हा पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेत प्रत्यक्ष नोकरी केलेला माणूस. काळही बघण्यासारखा आहे: 1920 ते 1933 अमेरिकेत दारूबंदी होती. दारूचा धंदा रातोरात न्यायालयाबाहेर ढकलला गेला. गिऱ्हाईक तेच, माल तोच, गोदामं आणि ट्रक तेच, फक्त उधारी बुडवणाऱ्याला नोटीस पाठवायची सोय गेली. त्या जागी बंदूक आली. हार्डबॉइल्डची कोरडी, तुटक, विशेषणं टाळणारी भाषा या जगातून आली. शब्द दिल्याची किंमत नसलेल्या जगात माणसं कमी बोलतात.

असाच कच्चा माल मुंबईतही होता. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. त्या बंदीतून खाडीकाठच्या झोपड्यांत हातभट्ट्या उभ्या राहिल्या. पुढे सोन्याची तस्करी आली, मग घरं रिकामी करून देण्याचा धंदा, मग खंडणी. ‘पेटी’ म्हणजे लाख आणि ‘खोका’ म्हणजे कोटी, ही परिभाषाच हिशेबाची आहे. या शहरात हार्डबॉइल्ड मराठी कादंबरी अंगणात उगवायला हवी होती. तसं झालं नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचायची सवय लावली, हे ऋण मोठं आहे आणि ते नाकं मुरडणाऱ्यांनी कधी मानलं नाही. पण झुंजार असो की काळापहाड, मध्यभागी नायक. तो कायद्याच्या पलीकडे गेला तरी न्यायाच्या बाजूने असतो. खलनायकाच्या टोळीत फूट पडते ती नायकाने पाडली म्हणून. टोळी आपल्याच वजनाने कोसळते, हे तिथे दिसत नाही. मुंबईच्या तळाची भाषा मराठीत आणली ती भाऊ पाध्ये आणि नामदेव ढसाळ यांनी, रहस्यकथेने नव्हे. रहस्यकथेतला गुंड ‘तुझी घटका भरली आहे’ असंच बोलत राहिला.

परिणाम असा की दगा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खंडोजी खोपडे किंवा सूर्याजी पिसाळ उभा राहतो. फितुरी म्हणजे पाप, बस्स. स्वराज्याच्या संदर्भात ते ठीकच आहे. तिथे निष्ठेला अर्थ होता. पण चोरांच्या टोळीतल्या दग्याला आपण हेच माप लावतो, तेव्हा नकळत टोळीतल्या निष्ठेला सद्गुण ठरवून बसतो. ‘भाई शब्दाचा पक्का होता, दगा दिला तो नीच’ ही वाक्यं सिनेमातून चहाच्या टपरीपर्यंत पोचली आहेत. उदात्तीकरण म्हणतात ते हेच. कुलूप तोडण्याची रीत शिकून कोणी टोळीत जात नाही. आपल्यामागे चार माणसं उभी राहतील, या आशेने पोरं जातात. ती चार माणसं किती दिवस आणि किती रुपयांपर्यंत उभी राहतात, हे सांगणाऱ्या पुस्तकाला आपण दारातच अडवतो.

या गोंधळाची किंमत न्यायालयातही मोजावी लागते. माफीचा साक्षीदार ही संस्था पूर्णपणे दग्यावर उभी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 343 नुसार (जुन्या संहितेतलं 306) गुन्ह्यातल्या साथीदाराला माफी देता येते, अट एवढीच की त्याने पूर्ण आणि खरी हकिगत सांगावी. काही लपवलं किंवा खोटं सांगितलं तर माफी जाते आणि मूळ गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालू शकतो. इथवर लोकांना माहीत असतं. याच कलमातली आणखी एक तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते: तो आधीच जामिनावर नसेल, तर खटला संपेपर्यंत त्याला कोठडीतच ठेवायचं. म्हणजे बाकीचे आरोपी जामिनावर सुटू शकतात आणि सरकारला मदत करणारा मात्र आत. आपल्याकडे खटले किती वर्षं चालतात, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय त्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा होऊ नये, हे न्यायालयं पूर्वीपासून मानत आली आहेत. जुन्या पुरावा कायद्यात एक कलम म्हणत होतं की साथीदाराच्या साक्षीला दुजोरा नसला तरी शिक्षा बेकायदा ठरत नाही, आणि दुसरं म्हणत होतं की दुजोऱ्याशिवाय त्याला विश्वासार्ह मानू नये. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 138 ने ही दुविधा काढली. आता दुजोरा असलेल्या साक्षीचीच भाषा आहे. हा बदल योग्यच आहे. दगा देणारा माणूस आपला वाटा कमी आणि दुसऱ्याचा जास्त सांगणारच, हे कोणत्याही चांगल्या गुन्हेकादंबरीच्या वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं.

संरक्षणाचं काय? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. धोक्याच्या प्रमाणात साक्षीदारांच्या तीन श्रेणी, घरी पहारा, ओळख लपवणं, अगदी राहण्याची जागा बदलून देण्यापर्यंत तरतुदी आहेत. पण संरक्षणाचा आदेश एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचा. मुदतवाढ मिळते, पण दर तीन महिन्यांनी आपण अजून मारले जाऊ शकतो हे त्या माणसाने पटवत राहायचं. राज्याने दगा विकत घ्यायचा ठरवलं आहे, त्याला माझा आक्षेप नाही. टोळ्या फोडायला याहून स्वस्त साधन नाही. पण घेतलेल्या मालाची किंमत द्यायला राज्य कुरकुर करतं. समाजही करतो, कारण साक्ष देणाऱ्याला आपण मनातून ‘गद्दार’ म्हणतो. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडात चौघांना 1983 साली फाशी झाली, ती टोळीतलाच एक जण माफीचा साक्षीदार झाल्यानंतर. त्या प्रकरणावर आपल्याकडे जेवढं बोललं गेलं, त्यात या पाचव्या खुर्चीकडे फार थोड्यांनी पाहिलं. तो कधी डळमळला, त्याला कसली भीती होती, त्याला काय देऊ केलं गेलं, त्या चौघांना ते कधी कळलं? कादंबरीकाराची जागा ही आहे.

बोस्टनमध्येच सरकारी वकील म्हणून काम केलेल्या जॉर्ज हिगिन्स यांनी ही जागा ओळखली. त्यांच्या पहिल्या कादंबरीत बंदुकांची किरकोळ ने-आण करणारा एक थकलेला माणूस आहे. तुरुंगवास टळावा म्हणून तो हळूहळू, हप्त्याहप्त्याने माहिती विकतो. जवळजवळ सगळं पुस्तक संवादांत आहे. धडाकेबाज पाठलाग नाही. तरी छाती दडपते, कारण प्रत्येक संवादात कोण काय विकतो आहे आणि समोरच्याला त्यातलं किती कळलं आहे, याचा हिशेब चालू असतो.

असा हिशेब मराठीत लिहायचा तर काही गोष्टी आधी बसवाव्या लागतात, आणि त्या न बसवल्याने बरीच हस्तलिखितं लंगडी होतात. पहिली गोष्ट रकमेची. एक कोटी रुपये पाचशेच्या नोटांत म्हणजे वीस हजार नोटा, शंभर-शंभरची दोनशे बंडलं, वजन वीस किलोच्या वर. पाच कोटी एका ब्रीफकेसमध्ये घालून नायक जिने चढतो, तेव्हा लेखकाने कधी बंडल हातात घेतलं नाही हे कळतं. वजन आलं की गाडी आली, गाडी आली की ड्रायव्हर, ड्रायव्हर आला की आणखी एक वाटेकरी आणि जोड्यांचा आकडा पुन्हा वाढला. कथानक असं पैशाच्या वजनातून निघालं पाहिजे.

दुसरी गोष्ट थांबण्याची. सगळ्या टोळ्यांचा पहिला नियम असतो की वातावरण निवळेपर्यंत पैशाला हात लावायचा नाही. दगा जन्मतो तो या थांबण्याच्या काळात. चोरीच्या रात्री सगळे एकमेकांवर विसंबून असतात. भारतातल्या कादंबरीकाराला इथे जी देणगी मिळाली आहे ती बोस्टनवाल्यांना नव्हती. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा बाद झाल्या, आणि त्या बँकेत भरायला 30 डिसेंबरपर्यंतचे दिवस उरले. समजा, एका टोळीने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हात मारला आहे आणि दोन वर्षं थांबायचं ठरवलं आहे. पैसे एकाच्या गावच्या घरात आहेत. आता थांबणं म्हणजे रद्दी करणं आणि बदलून घेणं म्हणजे दहा अनोळखी माणसांना सामील करणं. शिस्त पाळणारा मूर्ख ठरतो आणि मोडणारा दगाबाज. यासाठी एकही गोळी झाडावी लागत नाही. हा विषय हातात असताना आपल्या कथांत अजून कोलंबियाहून आलेला खलनायक कशाला लागतो, हे कोडंच आहे.

तिसरी गोष्ट माहितीची. दगाबाजीची कथा लिहिताना घटनांचा आराखडा पुरत नाही. एक नोंदवहीही लागते. आडवे रकाने माणसांचे, उभे प्रकरणांचे, आणि प्रत्येक चौकटीत तीन नोंदी: याला काय माहीत आहे, दुसऱ्याला काय माहीत आहे असं याला वाटतं, आणि याला किती पैसे कोणत्या तारखेपर्यंत हवे आहेत. तारीख फार महत्त्वाची. ‘त्याला पैशांची गरज होती’ याने कोणी दगा देत नाही. गरज सगळ्यांनाच असते. बहिणीच्या सासरची मुदत 12 तारखेची आहे आणि वाटणी 20 ला, एवढ्या आठ दिवसांच्या फरकाने माणूस फुटतो. शेवटच्या प्रकरणात अचानक ‘मीच तो’ म्हणून हसणारा गद्दार फसतो तो यामुळे. मागे वळून पाहिलं तर त्याच्या चौकटी रिकाम्या असतात. वाचकाला धक्का बसतो, पण ‘अरे हो, असंच होणार होतं’ हे वाटत नाही. दग्यावर दगा, त्यावर आणखी दगा, अशी चळतही याच कारणाने कोसळते. दुसऱ्या उलथापालथीनंतर कोणाचं काय पणाला लागलं आहे हेच वाचक विसरतो आणि पानं नुसती उलटत राहतो.

चौथं म्हणजे आजचे पुरावे. मोबाइलचे कॉल-तपशील, टॉवरचं ठिकाण, टोलनाक्यावरचे कॅमेरे, यूपीआयचे व्यवहार, दागिन्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक. अनेक लेखक यांना अडचण समजून काळ मागे नेतात. वास्तविक यांनी दगा सोपा केला आहे. ओकीफला तोंड उघडावं लागलं. आजचा ओकीफ एक बंद ठेवायचा फोन चुकून चालू ठेवेल आणि आपण काही बोललोच नाही असं शपथेवर सांगू शकेल.

हार्डबॉइल्ड परंपरेविरुद्धचा खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो उदात्तीकरणवाले सहसा घेत नाहीत. या कादंबऱ्यांत दगा द्यायला बाई आणली की लेखकाची सुटका होते. तिला कारण द्यावं लागत नाही, देखणी असली की पुरे. पुरुष गद्दाराला कर्ज, मुदत, भीती, अपमान असं सगळं मिळतं. तिला लिपस्टिक मिळते. ही हिशेबातली चोरी आहे, आणि ज्या प्रकाराचं सामर्थ्यच हिशेबात आहे त्याला ती जास्त लाजिरवाणी. दुसरं, बांधून घातलेला माणूस. ब्रिंक्सच्या त्या खोलीत पाच कर्मचारी तोंडाला पट्ट्या लावून पडले होते. कादंबरी टोळीबरोबर बाहेर पडते आणि त्यांना तिथेच सोडते. त्यांच्यावर संशय घेतला गेला असेल का, नोकरीवर दुसऱ्या दिवशी कोण कसं गेलं असेल? टोळीच्या हिशेबवहीत त्यांचं पान नसतं हे खरं, पण लेखकाच्या वहीत ते हवं. मराठीत कोणी हा प्रकार नव्याने हाताळला तर या दोन जागा दुरुस्त करूनच हाताळावा. अमेरिकन शंभर वर्षांची खोड उसनी आणायचं कारण नाही.

वाचनालयांच्या समित्यांना मग कसोटी कोणती द्यायची? नायक सज्जन आहे का, हे पाहू नये. शेवटी गुन्हेगाराला शिक्षा होते का, हेही पाहू नये. हॉलिवूडच्या आचारसंहितेने तीस-पस्तीस वर्षं तेच पाहिलं, आणि त्यातून शेवटच्या पाच मिनिटांत मरणारे आणि त्याआधी दीड तास झळाळणारे गुंड तयार झाले. पुस्तक मधूनच उघडावं आणि वाटणीनंतर किती पानं उरली आहेत ते मोजावं. दरोडा दोनशेव्या पानावर आणि पुस्तक दोनशे दहाव्यावर संपत असेल तर खुशाल परत पाठवावं.

ब्रिंक्सच्या प्रकरणात ती पानं पुष्कळ आहेत. सत्तावीस लाखांहून जास्त लूट होती. त्यातले साठ हजारही सरकारला परत मिळाले नाहीत. जे मिळाले ते अटकेनंतर काही महिन्यांनी, जून 1956 मध्ये. बाल्टिमोर शहरातल्या एका खेळघरात कोणीतरी दहा डॉलरची नोट मोडायला दिली. ती खोटी असावी असं वाटून चालकाने पोलिसांना कळवलं. पाहिलं तर ती जुनाट आणि कुबट होती. तो धागा बोस्टनमधल्या एका कचेरीपर्यंत गेला. तिथे भिंतीच्या आतल्या बाजूला सहलीला नेतात तसला बर्फाचा डबा होता. त्यात 57 हजार 700 डॉलर होते आणि त्यांतले 51 हजार 906 ब्रिंक्सचे म्हणून ओळखता आले. साडेसहा वर्षं दमटपणात राहून त्या नोटांना बुरशी धरली होती.